आईच्या दाराची घंटा

३ नोव्हेंबर, सोम.
दिवाळीची सुट्टी संपली. शाळेचं ऑफिस सुरू, म्हणजे आई पुन्हा साडेदहा ते साडेपाच घरात एकटी. ती विसरते, कुठेही निघून जाते, म्हणून आता दारावर माझ्या भावाने, दिनूने, बसवलेलं यंत्र आहे. दीड वर्षापूर्वी त्याने मोबाइलवर जाहिरात बघून त्याचे पैसे भरले, तेव्हा यंत्र तयारही नव्हतं. आधी सगळ्यांनी पैसे द्यायचे, मग ती कंपनी बनवणार. "आठ हप्तामा घर यी जाई, ताई," म्हणाला होता. आठ आठवड्यांचं दीड वर्ष झालं, या भाऊबीजेला आलं एकदाचं. स्क्रू पिळले, दाराशी काही हललं की मला निरोप यावा म्हणून माझ्या फोनमध्ये ॲप टाकलं नि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने साहेब सुरतला परत.
दार उघडलं की यंत्र इंग्रजीत बोलतं. आईला वाटतं कुणी साहेब आलाय. डोक्यावर पदर घेऊन म्हणते, "बसा भाऊ. पोर शाळामा गयी. मी चा मांडस."
आज फोन अकरा वेळा वाजला. नऊ वेळा वाऱ्याने हलणारा पडदा, दोनदा मांजर. हेडसर म्हणाले, तो फोन बंद ठेवा. मी आवाज बारीक केला. बंद नाही केला.

६ नोव्हें., गुरु.
आईला निजवून लिहायला बसलेय.
दु. एकला फोनवर निरोप: दार उघडलं. धावत घरी गेले, तर आई घरात नाही, केव्हाच बाहेर पडलेली. लाइट नव्हती, म्हणून यंत्रही बंद नि इंटरनेटही. तासाभराने लाइट आली तेव्हा यंत्र जागं झालं नि त्याला उघडं दार दिसलं. आत बॅटरी असेल असं त्या जाहिरातीत छातीठोक सांगितलं होतं. मागची पट्टी उघडून पाहिली. बॅटरीची जागा आहे, बॅटरी नाही.
आई बसस्टॉपवर होती. पायात चप्पल नाही, हातात पिशवी, पिशवीत माझा एक ब्लाउज आणि पोळपाट. सगळ्यांना विचारत होती, "रनाळानी गाडी लागनी का?" रनाळे तिचं माहेर. तिथे आता तिचं कुणी नाही. टपरीवाला भाऊ तिला बसवून होता, "आज गाडी बंद शे, आजी," म्हणत. देव त्याचं भलं करो. ऊस भरलेल्या ट्रॉल्या तिच्या अंगावरून जात असल्यासारख्या चालल्या होत्या.
परत आणताना मला विचारते, "तू कोननी वं?" सांगितलं, तुझीच. हसली. विश्वास बसला नाही तिचा.

८ नोव्हें., शनि.
कंपनीला पत्र लिहिलं, इंग्रजीच्या वळवी मॅडमनी लिहून दिलं. दोन तासांत उत्तर! आनंदाने उडीच मारणार होते. मॅडमनी मोठ्याने वाचून अर्थ सांगितला: बॅटरी 'पुढच्या टप्प्यात'. पैसे परत मिळणार नाहीत. कारण आपण आमचे ग्राहक नाही, आपण आमचे... मॅडम अडल्या. मग म्हणाल्या, "पाठीराखे. आपण आमचे पाठीराखे आहात, असं लिहिलंय."
मी हसत सुटले. मॅडम घाबरल्या. दर भाऊबीजेला दिनूला ओवाळून मी ज्याला पाठीराखा म्हणते, तो सुरतेत. त्याने माझ्या पाठीशी यंत्र उभं केलं. आणि यंत्रवाले म्हणताहेत, बाई, तुम्हीच आमच्या पाठीशी उभ्या राहा! कुणी कुणाची पाठ राखायची ते तरी ठरवा.
गणपतीची वर्गणी देतो तशी ही वर्गणी होती. वर्गणी देणारा मूर्ती घरी नेत नाही. दिनूला दुकान वाटलं, मलाही वाटलं. चूक आमची.
रात्रीचं जेवण आईने केलं, भाताशिवाय सगळं विसरली. पोटभर जेवलो.

१२ नोव्हें., बुध.
दि.ला फोन. "ताई, ॲप अपडेट कर ना. नवा मॉडेल ई ऱ्हायना, त्यामा हाई अडचन नई." मी म्हटलं, येणारं नवं मॉडेल नको, तू ये. महिनाभर तरी. "सुटी नई भेटत. आनि तू तठे शेच ना."
हो. मी इथे आहेच. नवऱ्याचं घर सोडून आले त्या दिवसापासून मी इथे आहेच.
सोबतीला बाई शोधतेय. तिघींना विचारलं. तिघी कापूस वेचायला. हंगाम आहे, त्यांचं काय चुकलं.

१५ नोव्हें., शनि.
आज लिहिलं नाही तर छाती फुटेल.
फोन दिवसभर गप्प. मी खूश, आज आई घरात आहे म्हणून. साडेपाचला घरी आले, दार सताड उघडं. यंत्राचा लाल दिवा नेहमीसारखा छान लागलेला.
अख्खी गल्ली धावली. ऊसतोडीच्या लोकांना सापडली, पाटाच्या पलीकडे, उभ्या उसात. साडी फाटलेली, गालावर पात्याने कापलेलं. उद्या तो फड तोडून होणार होता. तोडण्याआधी लोक पाचट पेटवतात कधीकधी. पुढचं लिहिवत नाही.
वळवी मॅडमनी कंपनीची साइट उघडून पाहिली. एक पान, चार ओळी. प्रवासात साथ दिल्याबद्दल सर्व पाठीराख्यांचे आभार. सेवा कालपासून बंद. म्हणजे यंत्राचा जीव इथे माझ्या दारात नव्हताच, कुठे तरी लांब त्यांच्या मशीनमध्ये होता. तिकडे बटण बंद केलं, इकडे ते मेलं. पण दिवा चालू! मेलेल्याने मेलेलं दिसावं तरी.
हातोडीने काढलं. भिंतीचा गिलावाही आला.

१७ नोव्हें., सोम.
आईला ऑफिसात घेऊन गेले. तिने दहावीच्या दाखल्यांवर चहा सांडला. हेडसरांनी दाखले स्वतःच पुसून वाळत घातले, म्हणजे उद्या चालणार नाही.
येताना सलीमचाचांच्या दुकानात. मोटारी-मिक्सर दुरुस्त करतात, बाबांपासूनची ओळख. म्हटलं, चांगल्या कंपनीचा कॅमेरा सांगा, दुकानातून घेईन, पावतीसह. चाचांनी आईला स्टुलावर बसवलं, मग मलाच विचारत बसले. लाइट किती वेळ जाते? दार आत उघडतं की बाहेर? शेजारी दिवसा कोण असतं? त्या शेजारणीला ऐकू येतं का? त्या जाहिरातीत पांढरं घर होतं, कुत्रा होता, कॉफी पिणारी बाई होती. असं कुणी काही विचारलं नव्हतं.
"बेटी, फोन तेरे को बोलेगा माँ निकल गई. फिर तू काय करेगी? तू तो शाळा में. सुनाई देना चाहिए बाजूवाली को."
साधी गोष्ट. दीड वर्षात आम्हा दोघा भावंडांना सुचली नाही.

१९ नोव्हें., बुध.
चाचांनी स्वतः येऊन घंटी बसवली. दाराच्या फळीला लोहचुंबक, चौकटीला छोटा स्विच, भिंतीतून वायर थेट काशीकाकींच्या स्वयंपाकघरात, तिथे घंटी. तीन सेल. इंटरनेट नाही, लाइट नाही, ॲप नाही. "बिगडी तो मैं इधरच बैठा हूँ."
काशीकाकी शेजारच्या, गुजर घरातल्या, आवाज असा की शेतातून गडी हाक ऐकतात. "घंटी वाजनी का मी पयत येसू. तू बिनघोर जाय."
दहादा दार उघडून पाहिलं. दहाही वेळा वाजली. कितीतरी महिन्यांनी मी बिनघोर या शब्दाचा अर्थ आठवून पाहिला.

२५ नोव्हें., मंगळ.
सहा दिवसांत चार वेळा घंटा, चार वेळा काकी. एकदा पिठाच्या हातांनी आल्या म्हणे. आईला म्हणतात, रनाळाले जाऊत, पन आधी चा. चहा होईपर्यंत आई विसरते.
मी ऑफिसात सलग तीन तास काम केलं. केस धुतले. नजर लागेल म्हणून लिहू नये खरं तर.

२९ नोव्हें., शनि.
काकी चालल्या. मुलीचे दिवस भरत आलेत, बारडोलीला. दीड-दोन महिने. रडल्या माझ्यासमोर. "तुन्ही मायनं काय व्हई वं?" मी म्हटलं, जा काकी, तुमची मुलगी आहे.
घंटा चांगली आहे. चांगलीच राहील. ऐकायला कान नाही.
दि. म्हणाला, शहाद्याच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे म्हणे, चौकशी करू का. मी फोन ठेवला. मग अर्धा तास त्याच आश्रमाचा विचार केला. कसली मुलगी आहे मी.

१ डिसें., सोम.
बाहेरून कुलूप लावलं.
आत पाणी, भाकरी, गॅसची टाकी बंद. लावताना आई दाराशीच उभी होती. "माले जाऊ दे वं." मी कडी घातली.

३ डिसें., बुध.
घंटा वाजत नाही, दार उघडतच नाही ना. काकींच्या रिकाम्या स्वयंपाकघरात ती आपली गप्प लटकतेय. आज आईचे तळहात लाल, सुजलेले. दार ठोकून ठोकून. गल्लीतल्या लोकांना ऐकू येत असणार. समोर आले की नजर वळवतात. चोराला बाहेर ठेवायला लोक कुलूप लावतात, मी आईला आत ठेवायला लावते. सुरक्षा, सुरक्षा म्हणून काय झालं हे!
हळद-तेल लावलं. हात माझ्या हातात देऊन ती झोपली.
रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, बिनपगारी. दिला नाही. देऊन खायचं काय?

७ डिसें., रवि.
सुट्टी. दार दिवसभर उघडं ठेवलं, दोघी ओट्यावर उन्हात. आज आई मजेत. तिच्या केसांना तेल लावता लावता, काय अवदसा आठवली, विचारलं, "माय, तुले घरमा कोन कोंडस वं?"
"एक बाई शे," म्हणाली. "रोज सकाळी येस."
"मारस का तुले?"
"नई वं. वाईट नई शे ती. रडत रडत कुलूप लावस."
मी फणी खाली ठेवली. तिला वाटलं मला राग आला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणते, "तिले बोलू नको हां तू. तिले कोनी नई शे."
नंतर अंगणातल्या चिमण्यांकडे बघत बसली.
उद्या सोमवार. साडेदहाला ऑफिस आहे.