मिस्त्री फोन उचलत नाही

२५ ऑगस्ट, सोम.
मिस्त्रीने आजही फोन उचलला नाही. सकाळपासून सात वेळा केला. रिंग पूर्ण जाते. कापतसुद्धा नाही; कापला असता तर निदान रागावता तरी आलं असतं.
सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, बंदूक दुरुस्तीसाठी महिनाभर त्याच्याकडे पडून आहे. "चार दिसात घेऊन जावा की," म्हणाला होता. पावती माझ्या पर्समध्ये, घडीवर फाटत आलीय.
फ्रिजवर पोलीस ठाण्याचं पत्र: परवाना नूतनीकरण, ६ ऑक्टो., परवानाधारकाने शस्त्रासह हजर राहावे. शस्त्राविना हजर राहिलं तर काय, ते लिहिलेलं नाही. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

२८ ऑगस्ट, गुरु.
काल गणपती बसले. घरात इतकी माणसं, तरी दहाच्या ठोक्याला अण्णांनी खुर्ची दारात ओढलीच. बँकेच्या दारात सव्वीस वर्षं बंदूक घेऊन उभं राहिलेला माणूस. एक्क्याऐंशीव्या वर्षी निदान बसतो तरी. बंदूक नाही म्हणून मांडीवर आडवी छत्री. आरतीला आलेल्या शेजारीणबाई छत्री बघून हसल्या. मला हसू आलं नाही.
बंदूक दुरुस्तीला द्यायचा हट्ट माझाच. नळी दस्त्याला जिथे बसते तिथे खुळखुळ वाजायची. पोलिसांनी नापास केली तर? अण्णा नको म्हणत होते. "वाजू दे की. मला कुटं लढाईला जायाचंय?" परवाना त्यांच्या नावावर, त्यामुळे त्यांनाच रिक्षात घालून बाळीवेसला मिस्त्रीकडे नेलं. दुकानात एक शब्द बोलले नाहीत. सही केली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. गुडघे दुखत असतील.

२ सप्टें., मंगळ.
शाळा सुटल्यावर थेट दुकानात. शटर अर्धं खाली. वाकून आत बघितलं (माझं वय ५३, साडी नवीन). बाकड्यावर एकटीच बाई, मिस्त्रीची बायको, शेंगा फोडत.
"सिद्रामप्पा आहेत का?"
"गोत्तिल्ला, अक्का. ठावं न्हाय, कुटं गेलेत काय की."
आतून कानशीचा आवाज येत होता. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आवाज थांबला. तिने ओंजळभर शेंगा पुढे केल्या.
खाल्ल्या. चांगल्या होत्या.

६ सप्टें., शनि.
आज मिस्त्रीला गाठलं. समोरच्या चहाच्या टपरीवर पाठमोरा उभा होता. साठीचा माणूस, कपाळावर विभूती, बोटं तेलाने काळी. मला बघून चहा सांडला.
वाटलं होतं खोटं बोलेल: स्प्रिंग मिळेना, माल पुण्याहून यायचाय. यातलं काही बोलला नाही. उलट मलाच विचारलं, "अक्का, अण्णांची बंदूक दुसऱ्या कुणी उघडली हुती का? लई वर्षांमागं?"
"का?"
"आसंच."
आसंच! महिनाभर बंदूक दाबून बसलेला माणूस आणि म्हणे आसंच.
"फोन का उचलत नाही?"
"उचलून काय सांगू? खोटं मला जमत न्हाय, आन खरं फोनवर सांगायचं न्हाय."
आणि निघून गेला. चहाचे पैसे मीच दिले. भांडायला गेले होते. परत आले ती नुसती कुतूहलाने फुगून.

७ सप्टें., रवि.
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "तुझ्या भोचकपणाला पगार असता तर आपला बंगला झाला असता."
तर्क: १) विकली. (मग प्रश्न कशाला विचारेल?) २) मोडली. ३) बंदुकीवर काही जुनं प्रकरण. अण्णांनी जन्मात एक गोळी झाडलेली नाही, पण कुणाचं काय सांगावं.
जेवताना सहज विचारलं, "अण्णा, तुमची बंदूक कुणी उघडायचं का हो?"
भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "चटणी वाढ," म्हणाले. चटणी ताटात होती.

१५ सप्टें., सोम.
कळलं.
मिस्त्रीच्या बायकोचा फोन, शाळेत, आठवीचा तास चालू असताना. "यजमान बोलवतात. बर्री, अक्का, या." मधल्या सुट्टीतच गेले. शटर आज पूर्ण वर.
मिस्त्रीने बंदूक टेबलावर ठेवली, मोडून दोन भाग केले. दस्त्याकडच्या लोखंडावर नंबर कोरलेला, परवान्यावर आहे तोच. मग नळी उलटी केली. तिच्या पोटालाही नंबर. वेगळाच.
"ही नळी ह्या बंदुकीची न्हाय. म्हनून तर खुळखुळ वाजतीया. आईची भांडी मावशीच्या फडताळात बसतात व्हय?"
"मग आजवर कुणाला कसं कळलं नाही?"
"पोलीस वरचा नंबर बघत हुते. नळी उलटी कोन करतंय? आवंदा दोन्ही नंबरचे फोटो घेणार हायेत."
आता त्याची पंचाईत बघा. जोडून परत दिली तर जाणूनबुजून चुकीचं हत्यार हाती दिल्यासारखं. पोलिसांना सांगावं तर या वयात अण्णांना चौकशा. म्हणून फोन उचलला नाही. त्याचे वडील हाच धंदा करायचे. त्यांच्या जुन्या वह्या चाळून दुसऱ्या नंबरचा मालकसुद्धा त्याने शोधून काढलाय. त्याला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.
म्हणजे मी मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडत होते आणि मिस्त्री तिसऱ्याच कुणाच्या.
"कोण तो मालक?"
वहीवर बोट ठेवलं. वेळापूर. दगडूकाका.

१५ सप्टें., पुन्हा. संध्या.
इथे दगडूकाकांविषयी लिहायला हवं. अकरा वर्षांत त्यांचं नावसुद्धा काढलेलं नाही या घरात.
अण्णा आणि ते एकाच बँकेत. अण्णा दारावर, काका कॅशच्या गाडीवर. बंदुकाही एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या. दर खंडेनवमीला काका वेळापूरहून एसटीने आमच्याकडे येत, रिटायर झाल्यावरही, बंदूक गोणपाटात बांधून. अंगणात चटई टाकून दोघे बंदुका खोलत, तेल देत, जोडत, पाटावर ठेवून झेंडूचा हार घालत. दोघांत एकच तेलाची कुपी. मग पुरणपोळी.
अकरा वर्षांपूर्वी काका पोळी न खाता निघून गेले. मी स्वयंपाकघरात होते. चढलेले आवाज ऐकले, शब्द नाही. अण्णांना विचारलं तर "काय न्हाई." पुढच्या वर्षी काका आले नाहीत.

१६ सप्टें., मंगळ.
सकाळी अण्णांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले. म्हटलं, मिस्त्री म्हणतात नळी दगडूकाकांची आहे.
छत्री या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "ठावं हाय."
"कधीपासून?"
"त्याच दिसापासनं. रागारागात जोडल्या की दोघांनी. तो कोपऱ्यापत्तुर गेला आसंल, मला वजनातच कळलं."
"मग हाक का नाही मारली?"
"त्यानं मारायची हुती. त्यालाबी कळलंच आसंल."
दोन म्हातारे. अकरा वर्षं एकमेकांची नळी घरात ठेवून, दुसरा कधी मागायला येतो याची वाट बघत! आणि मी त्या गरीब मिस्त्रीला चोर ठरवत होते. चोर आमच्याच दारात खुर्ची टाकून बसलाय. खूप राग आला. उठून चहा टाकायला आत गेले.
भांडण कशावरून, ते दुपारी आपणहून सांगितलं. काका म्हणाले होते, गाडीवर जीव धोक्यात घालून मी गेलो, तू जन्मभर नुसता दारात हुबा.
"आणि तुम्ही काय म्हणालात?"
"ते नगं इचारू."
विचारलं नाही. मी! लिहून ठेवते.

१८ सप्टें., गुरु.
मिस्त्रीचं म्हणणं: दोन्ही बंदुका त्याच्या टेबलावर आल्या, दोन्ही मालक समोर असले, तर पंधरा मिनिटांत ज्याची नळी त्याला. वहीत तशी नोंद, दोघांच्या सह्या. चोरून काही करणार नाही, म्हणाला. मला हा माणूस आवडू लागलाय.
काकांचा जुना फोन नंबर लागत नाही. ते आहेत का तरी? हे मी अण्णांना विचारलेलं नाही. त्यांनीही मला नाही. दोघांच्या मनात तेच आहे हे मात्र दोघांना माहीत.

२० सप्टें., शनि.
अण्णांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं. पूर्ण पत्र:
"दगडू, नळी तुझी हाय. बाळीवेसला सिद्रामप्पाच्या दुकानात हाय. घेऊन जा. येताना माझी नळी आन."
मी म्हटलं, "एवढंच? निदान कसा आहेस असं तरी?"
अण्णांनी आहे तेवढं पुन्हा वाचून घेतलं. "लिव: पुरनपोळी ऱ्हायलीया."
पोस्टात टाकून आले. येताना मिस्त्रीला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला! म्हणाला, "न्हाय अक्का, कुनी आलं न्हाय." मी अजून काही विचारलंही नव्हतं.

२६ सप्टें., शुक्र.
घट बसून चार दिवस झाले. उत्तर नाही. पोस्टमन दिसला की अण्णा ताठ होतात, बँकेचे साहेब आल्यावर व्हायचे तसे. पोस्टमन विजेचं बिल देतो.
६ तारखेची मुदत वाढवून मागायला हवी. अण्णा ऐकून घेतात, पण त्यांना आता परवान्याचं काही पडलेलं दिसत नाही.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
पाटावर माझी पट्टी-पेन, ह्यांचा लॅपटॉप, विळी, शिवणयंत्राचा पाय. बंदुकीच्या जागी अण्णांनी मिस्त्रीची पावती ठेवायला लावली. पावतीला हळदकुंकू वाहणारं हे सोलापुरातलं एकमेव घर असावं. झेंडूचं एक फूल तिच्यावर.
पुरण शिजत घातलं. बाहेर आले तर दारात दोन खुर्च्या.
११ वाजता फोन वाजला. माझे हात पिठात. स्क्रीनवर: मिस्त्री. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा स्वतःचा फोन. काका बंदूक घेऊन आले तर आधी दुकानातच जाणार. आणि वेळापूरहून दुसरी कसली बातमी आली, तरी ती दुकानातच येणार.
हात पुसून घ्यायला गेले तर अण्णा म्हणाले, "उचलू नगंस."
"अहो, मिस्त्रीचा आहे!"
"व्हय. जरा वाजू दे."
मांडीवरची छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी फोन दोन्ही खुर्च्यांच्या मधे ठेवला. रिंग पूर्ण गेली. माणसं फोन का उचलत नाहीत, ते मला इतक्या दिवसांनी आज कळलं.
हे लिहितेय तोवर पुन्हा वाजतोय. अण्णांनी छत्री खाली ठेवलीय. फोनकडे हात पुढे केलाय.