श्रीनिवासच्या खोलीची तरतूद

मी, पद्माकर सखाराम तावडे, वय त्र्याहत्तर, निवृत्त जहाज इंजिनिअर, राहणार क्वीन्सटाउन, सिंगापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके नाही.

माझ्या पश्चात फ्लॅट मुलगा विलास याचा. मात्र मागची खोली माझे मित्र श्रीनिवास शिर्के यांची, त्यांच्या हयातीपर्यंत. तोवर फ्लॅट विकू नये. विलास म्हणतो, "बाबा, ओल्ड एज होममध्ये नर्स असते, काकांची सोय होईल." पोरगा वाईट नाही, त्याला हा विकून ईस्ट कोस्टला महागडा कॉन्डो घ्यायचा आहे. त्याने थांबावे. नात चैताली इथल्या इंग्रजीत एवढेच म्हणाली, "अंकल स्टेज हिअर लाह." म्हणजे काका इथेच राहणार. तिच्याशी मी सहमत आहे.

कारण सांगतो. त्रेचाळीस साली इटलीने हात टेकले, छावणीचे पहारेकरी पळाले आणि आम्ही दोघे युद्धकैदी डोंगर ओलांडून आपल्या फौजेकडे निघालो. बर्फात श्रीनिवासचा पाय सुजला. "तू हो पुढे, मी आलोच," म्हणत हा गृहस्थ दोनदा मेंढपाळांच्या झोपडीत मागे राहिला, त्याच्यापायी मी पकडला जाऊ नये म्हणून. दोन्ही वेळा परत जाऊन शिव्या घालून आणला. मग पलटणीची रीत लावली: लंगडा पुढे, धडधाकट मागे. वर खिंडीत मीच बसकण मारणार होतो. तो पुढे चालत होता म्हणून चाललो. मला तो भावापेक्षा जवळचा आहे.

सख्खा भाऊ सुबोध: मी बेपत्ता असल्याची तार येताच त्याने माझे दिवसकार्य उरकले आणि माझ्या वाट्याची आंब्याची झाडे बळकावली. ती त्याला लखलाभ. माझे पिंड एकदा पडले आहेत, पुन्हा घालू नयेत.

पान्यांचा संच चैतालीला. विलासने हात लावू नये, तो आटे मोडतो.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाईंनी आज सर्वांसमोर सांगितले. श्रीनिवासने शांतपणे चष्मा पुसला. "मग साक्षीची सही मीच करतो," म्हणाला आणि पेन उचलले. मी ते काढून घेतले. या वयात मला परत फिरायला लावू नये, असे त्याला बजावले आहे.

सही: पद्माकर सखाराम तावडे
सिंगापूर, १४ फेब्रुवारी १९९४

साक्षीदार, दोघेही शेजारी:
१. अनघा प्रबोध सरपोतदार
२. अमेय राजवाडे

हजर: श्रीनिवास शिर्के. सही घेतलेली नाही.