दार आपलं, कुलूप त्याचं

९ नोव्हें., रवि.
खालच्या खोलीला आजही बाहेरून कुलूप. रविवार असून. मनोज सकाळीच गोडाऊनला गेला, ट्रक येऊन उभे आहेत म्हणे. मी जिना झाडत होते तर बाजूच्या खिडकीतून आवाज, "आत्या, चहा झाला का?" म्हणजे पोरगी आत आणि कुलूप बाहेर. दिवाळीपासून पाहून राहिले मी. आधी वाटलं, घाईत लावून गेला असेल. रोज रोज कोण घाईत असतं?
विचारलं तर हसली. "असू द्या ना." काय असू द्या?

१० नोव्हें., सोम.
डोकं फिरून राहिलं कालपासून. दुसरी कोणी भाडेकरीण असती तर इतका जीव जळला नसता, खोटं कशाला लिहू. पण ही माझ्या माहेरची. कुहीकडच्या आमच्या गावात रामाभाऊचं घर आमच्या घराला लागून. तो मला बहीण मानतो, म्हणून त्याची पोरगी आत्या म्हणते. आणि मनोज चार वर्षांपासून आमच्या खाली राहतो, तो काकू म्हणतो. दोघांचं जुळवलं कोणी? या शहाणीने. मे महिन्यात अक्षता पडल्या तेव्हा मांडवात मीच मिरवत होते. वर म्हटलं, इथंच वाडीत, आमच्या खालीच राहा, पोरगी माझ्या डोळ्यासमोर राहील.
राहिली ना डोळ्यासमोर. गजाआड.
(प्रणाली हे नाव रोज लिहायला लांब पडतं. यापुढे प्र.)

१२ नोव्हें., बुध.
मनोजला धरलं आज. पण मी तोंड उघडायच्या आत त्याने ह्यांच्यासाठी आणलेली संत्री माझ्या हातात ठेवली. असं केल्यावर रागवावं कसं माणसाने? म्हणाला, काकू, एरिया पाहता ना तुम्ही, दिवसभर ट्रक, ड्रायव्हर, क्लीनर, कोणकोण फिरतं. एकटी बाई घरात. आवाज चढवला नाही, नजर खाली. मग म्हणतो, "तुमीच तर सांगत होत्या काकू, दार उघडं टाकून जात जाऊ नको म्हणून."
हो, सांगत होते. तेव्हा आत फक्त सिलिंडर आणि सायकल होती.

१३ नोव्हें., गुरु.
ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता, "नवराबायकोच्या मधात पडू नको." मी म्हटलं, लग्न जुळवताना मधात होते तेव्हा नाही अडवलं, तेव्हा तर तुम्ही नवीन सफारी शिवली. पेपराची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "त्याच्या पाठीवर होतो मी."
मागच्या पावसाळ्यातलं. ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, गल्लीत गुडघाभर पाणी, अँब्युलन्स आत येईना. मनोजने ह्यांना पाठीवर घेतलं आणि मेन रोडपर्यंत चालत नेलं. बंगलोरहून आमचा पोरगा येईपर्यंत दवाखान्यात तोच बसून होता, घरचा असल्यासारखा. हे मी विसरले नाही. मरेपर्यंत विसरणार नाही. पण म्हणून डोळे मिटून घ्यायचे का? ह्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, हो, थोडे मिटायचे. ताट वाढलं आणि उठून गेले.

१५ नोव्हें., शनि.
रामाभाऊला मी काय काय सांगितलं होतं ते आठवत बसले. पोरगा कमी बोलतो. मित्रमंडळी घरी आणत नाही. दारू नाही, बिडी नाही. वस्तू जिथली तिथं. बाहेर जाताना कुलूप ओढून पाहतो, मग परत येऊन पुन्हा ओढून पाहतो.
आता कळलं. हे सगळं घरमालकिणीने भाडेकरूबद्दल सांगितलेलं आहे. नवरा म्हणून मी त्याला कुठे पाहिलं होतं? आणि रामाभाऊने गावभर सांगितलं, बाईने पारखलेला पोरगा आहे. खोली भाड्याने द्यायची अक्कल मी पोरगी देताना वापरली. राग काढायला दुसरं कोणी नव्हतं, भांडी आपटली. एक ताट चेपलं.

१७ नोव्हें., सोम.
रामाभाऊचा फोन. प्र.चा फोन लागत नाही, जावई म्हणतात रिपेरिंगला टाकला. पहिली दिवाळी असून पाठवली नाही, सुट्टी नाही म्हणे. धान कापून शेतात, बांधीत पडलं आहे, मजूर भेटत नाही, नाहीतर येऊन गेला असता. बरी आहे ना पोरगी?
मी म्हटलं, बरी आहे. "तू हायेस म्हणून मले घोर नाई, बाई." फोन ठेवला. काहून बोलले मी तसं? खरं सांगितलं असतं तर तो धान उघड्यावर टाकून धावत आला असता, असं कारण स्वतःला दिलं. पटलं नाही.

२० नोव्हें., गुरु.
थंडी पडली. तुरीच्या शेंगा उकडल्या होत्या. खिडकीच्या गजातून वाटी जात नाही, मूठ मूठ करून प्र.ला दिल्या. बोटं गार. त्या खोलीत ऊन येतच नाही, उन्हाळ्यात तेच बरं म्हणून आम्ही भाडं वाढवून सांगतो. म्हणाली, "गच्चीवर ऊन असन ना आत्या आता?" इतकंच. गच्चीवरचं ऊन मागून राहिली पोरगी.
मी म्हटलं, कुलूपवाल्याला आणते, तोडून टाकते. नाहीतर चल पोलिसात. तर दोन्ही हातांनी नको नको. त्याचं कुलूप तोडलं तर तो म्हणेल हिनेच लावालावी केली, मग सगळं तिच्यावर निघेल. मारतो का विचारलं. "मारत नाई," म्हणाली. थोड्या वेळाने, "बोलतही नाई." शेंगांची सालं परत गजातून माझ्या हातात दिली, त्याला दिसू नयेत म्हणून.
वर आल्यावर हे मला कायदा शिकवतात. दार आपलं, पण कुलूप त्याचं, आपल्याला हात लावता येत नाही. मी सालं त्यांच्या पेपरावर ठेवली.

२३ नोव्हें., रवि.
रामाभाऊ आला. न सांगता. नव्या तांदळाच्या दोन थैल्या, एक मला, एक लेकीला. कुलूप पाहून म्हणाला, बाजारात गेली का? तेवढ्यात खिडकीतून, "बाबा."
त्याने कुलपाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मनोजला फोन लावला, उचलला नाही. मी म्हटलं, भाऊ, तोडू का? म्हणाला, जावयाच्या दाराला मी कसा हात लावू. खिडकीखाली पायरीवर बसून राहिला. गाय व्याली, कालवड झाली, शेजारच्या म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, असं सगळं गजांना तोंड लावून सांगत होता. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पोचेना. मग तिने डोकं गजाला टेकवलं, त्याने दोन बोटं आत घालून केसांवरून फिरवली.
शेवटची बस होती. माझ्या घरचा चहाही नाही प्यायला, असं कधी झालं नाही. दोन्ही थैल्या माझ्याकडे ठेवल्या. जाताना एवढंच, "तू होती म्हणून पोरगी देल्ली, बाई." रागाने नाही म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलू तरी शकले असते.

२४ नोव्हें., सोम.
मनोज कामावर गेल्यावर ह्यांच्या पेटीतला पेचकस काढला. कुलूप त्याचं, मान्य. पण ते ज्यात अडकतं तो दाराचा कोंडा कोणाचा? दारासोबत आम्हीच बसवलेला. जंग लागलेले स्क्रू, फिरता फिरेनात. मनगट दुखलं, तोंडाने जे यायचं ते सगळं आलं. हे जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे. वाटलं, आता अडवतात. बराच वेळ पाहत होते, मग म्हणाले, "खोबरेल टाक थोडं." खाली नाही उतरले. पण बाटली आणून वरून माझ्या हातात दिली.
कोंडा निघाला, त्यात कुलूप तसंच लटकलेलं, बंद. दार ढकललं. प्र. आत भिंतीला टेकून उभी, उंबरठा ओलांडेना. "तो आल्यावर, आत्या?" मी म्हटलं, तो आल्यावर मी आहे. बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलले मी. गच्चीवर नेली. उन्हात पाय पसरले आणि बसल्या बसल्या झोपली.
संध्याकाळी मनोज आला. कोंड्यासकट कुलूप त्याच्या हातात दिलं. म्हटलं, तुझं आहे, घे. चेहरा उतरला त्याचा. "काकू, आमच्या मधात तुमी पडू नका."
मी म्हटलं, "काकाले पाठीवर घेतलं तवा तू आमच्या मधात पडलाच ना? मी म्हटलं का तुले, आमच्या घरचं आहे, तू दूर हो?"
"त्याची ही फेड का?"
"हो, हीच फेड. परका असता तर पोलीस आणले असते."
खोलीत गेला. दार लोटलं, लागलं नाही, अर्धं उघडंच राहिलं.

२७ नोव्हें., गुरु.
तीन दिवस खाली आवाज नाही. प्र. गच्चीवर येते, पण त्याची गाडी वाजली की धावत उतरते. आज मनोजने जिन्यात थांबून सांगितलं, रविवारी खोली खाली करतो. बुटीबोरीला कंपनीत काम पाहिलं, तिथंच खोलीही पाहिली. तिथं कोणी काकू नाही, असं म्हणाला नाही, पण मला ऐकू आलं.
मग काय मिळवलं मी कोंडा काढून? इथं निदान खिडकी होती. तिथल्या खिडकीशी शेंगा घेऊन कोण उभं राहणार? हे म्हणाले, मी सांगितलं होतं. आणि लगेच, नाही, बरं केलंस. दोन्हीपैकी एक काहीतरी बोला ना बापा.
रामाभाऊला फोन केला. या वेळी सगळं खरं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग, "तू म्हणशीन तसं करू, बाई." पुन्हा मीच! खेकसले त्याच्यावर, म्हटलं, पोरगी तुझी आहे, तिला विचार की. फोन ठेवला आणि वाटलं, मी तरी तिला कुठे विचारलं? ना पोहे खायच्या दिवशी, ना कोंडा काढताना.

२८ नोव्हें., शुक्र.
विचारलं. गच्चीवर, तिच्या बापाचे तांदूळ निवडता निवडता. म्हटलं, आमच्या पोराची खोली रिकामी आहे, राहायचं तर राह. गावाला जायचं तर बाप घेऊन जाईल. त्याच्यासंग जायचं तर जा, पण मग मी बुटीबोरीला येईन, तुमच्या दोघांच्या नाकावर टिच्चून येईन. बराच वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "तो एकटा पडन, आत्या."
असा संताप आला! कुलूप लावणाऱ्याची काळजी. पण ह्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून चाललेला तो मला दिसतोच ना अजून. तिलाही त्याचं काहीतरी दिसत असेल, जे मला वरच्या मजल्यावरून दिसत नाही.
हो की नाही, ते काही बोलली नाही.

३० नोव्हें., रवि.
सकाळपासून दाराशी लोडिंग ऑटो. गादी, कूलर, सिलिंडर, डबे, सगळं मनोज एकटाच चढवून राहिला. हे खाली गेले, कूलरची एक बाजू धरली. वाटलं झिडकारेल. धरू दिली. डॉक्टरने वजन उचलायचं नाही सांगितलंय, पण मी काही बोलले नाही.
प्र.ची पेटी उंबरठ्यावरच आहे. त्याने उचलली नाही, तिनेही नाही. सूप परत द्यायला म्हणून वर आली ती माझ्या स्वयंपाकघरातच बसली आहे, परवा निवडलेले तांदूळ पुन्हा निवडून राहिली. मी समोर बसून हे लिहिते आहे, कारण तोंड उघडलं तर तिच्या वाटचं मीच बोलून टाकेन. माझी जीभ मला ठाऊक आहे. रामाभाऊ पहिल्या बसने निघाला आहे, अजून पोचला नाही.
हॉर्न वाजला. परत वाजला. हे वर आले, धापा टाकत, "काय सांगू त्याले?"
मी तिच्याकडे पाहिलं. ती ताटाकडे.
म्हटलं, सांगा, हॉर्न वाजवू नको. न्यायचं असेल तर वर ये आणि तिला विचार. मला नाही, तिला.
हे गेले. हॉर्न थांबला. थोड्या वेळाने जिन्यावर पाय वाजले, ह्यांचे नाहीत, ह्यांचे मला ओळखू येतात. वळणापर्यंत आले आणि थांबले. प्र.चा हातही ताटात थांबला आहे.