गिटार नसलेला अल्बम

सोमवार, ५ जानेवारी १९८१. शेफील्ड.
रेकॉर्ड कंपनीचा होकार आला. तीन आठवडे स्टुडिओ, अख्खा अल्बम. होकार खरं तर मला आहे. नेविल (ड्रम्स) आणि हिलरी (सिंथेसायझर) माझ्या पुण्याईवर आत शिरले. नेविलला चारपर्यंत मोजता येतं, पाच आले की घाम फुटतो. हिलरी विमा कचेरीत टायपिस्ट. सिंथेसायझरसुद्धा दोन बोटांनी टाइप करते. असो. गाणारा आणि गिटार वाजवणारा मी आहे, तेवढं पुरे.
संकल्प: रोज चार तास सराव. बिअर बंद. सगळ्यांशी गोड बोलणे.

मंगळवार, ६ जानेवारी.
सराव नाही. बोटं जपायला हवीत. बिअर एकच. मोठी.

गुरुवार, ८ जानेवारी.
स्टुडिओ. प्रोड्यूसर अ‍ॅलिस्टर. अंगात लोकरी जाकीट, तोंडात पेपरमिंट. चेहरा पोस्टाच्या खिडकीमागे शोभेल असा. माझा साडेचार मिनिटांचा सोलो डोळे मिटून ऐकला आणि विचारलं, हे संपतं कधी? मी म्हटलं, संपत नाही, विरत जातं. म्हणाला, मग जरा लवकर विरवू या.
अडाणी.

सोमवार, १२ जानेवारी.
हिलरीने गाणं आणलंय. बसची वाट बघणाऱ्या बाईचं. एकूण पाच सूर. मी तिला प्रेमाने समजावलं की याला गाणं नाही, दाराची बेल म्हणतात. तिने बेल पुन्हा वाजवली. नेविल हसलासुद्धा नाही. विनोद कळायला डोकं लागतं.
अ‍ॅलिस्टरने ती बेल सात वेळा ऐकली. बिचाऱ्याच्या कानांची तपासणी व्हायला हवी.

बुधवार, १४ जानेवारी. सकाळी.
सात गाणी झाली. गिटार तिनांत.
संध्याकाळी: दोनांत. अ‍ॅलिस्टर म्हणतो, गाण्याला मोकळी हवा लागते. मग खिडकी उघड म्हणावं.

शुक्रवार, १६ जानेवारी.
निर्वाणीचा इशारा दिला. एक तर ती बेल राहील, नाही तर मी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नेविल म्हणाला, आधी जेवून घेऊ. मी फिश अँड चिप्स आणायला गेलो. परत येतो तर बेलचंच रेकॉर्डिंग चालू. हिलरी स्वतः गात होती. स्टेशनावरची घोषणा बरी.
राजीनामा तोंडावर फेकला. दारापर्यंत कोणी आलं नाही. धक्का बसला असणार.
आठवड्यात पाय धरत येतील. लगेच माफ करायचं नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी.
कोणी आलं नाही. फोन बिघडलाय का म्हणून शेजारच्या घरून करून पाहिला. आमच्याकडे वाजला. आईने उचलला. मी ठेवून दिला.

सोमवार, २ मार्च.
माझ्या नव्या बँडची जाहिरात लावली. उमेदवार एक. अ‍ॅकॉर्डियन घेऊन आला. माझा सोलो ऐकला आणि म्हणाला, आई वाट बघत असेल.
या गावाची लायकी नाही.

मंगळवार, ५ मे.
रेडिओवर सांगितलं, त्यांचा अल्बम सहाव्या नंबरवर. साहजिक आहे. कचऱ्याला या देशात नेहमीच गिऱ्हाईक असतं. आई भांडी घासताना बेलच गुणगुणत होती. तिला तोडून बोललो. ती म्हणाली, "राजा, मला वाटलं हे तुझंच आहे."

शनिवार, ९ मे.
हिलरी आली. मी झोपेत असल्याचं आईला सांगायला सांगितलं होतं. आईने थेट वर पाठवलं. त्यांची रेकॉर्ड टेबलावर ठेवून हिलरी खिडकीशी उभी राहिली. मी माफीसाठी जागा करून दिली, म्हणजे गप्प बसलो. ती भलतंच बोलली.
"रोलंड, वाजवताना तू आमचं कधी ऐकलंस का रे?"
मी म्हटलं, ऐकण्यासारखं काय होतं? ती म्हणाली, हेच. मग सांगितलं की दौरा आहे, नेविल भित्रा, तिला गाडी येत नाही, व्हॅन चालवशील का? मी कडक शब्दांत सांगितलं की माझा अपमान होतोय. ती जिना उतरायला लागली. मी वरूनच विचारलं, किती वाजता निघायचं?

रविवार, १० मे.
आई चर्चला. रेकॉर्ड लावली, चुका मोजायला. कागद-पेन घेतलं. दोन्ही बाजू संपल्या. कागद कोरा. पेन चालत नसावं.

शुक्रवार, २२ मे. लीड्स.
हॉल खच्चून भरला होता. मी पडद्याआड, सामानाच्या खोक्यावर. बसवाल्या बाईचं गाणं सुरू झालं आणि अख्खा हॉल तिच्यासोबत गाऊ लागला. हिलरी डोळे मिटून. नेविल चक्क हसत होता. मी मनातल्या मनात गिटार बसवून पाहिली. सुरुवातीला. मग मधे. मग शेवटी, अगदी थोडी, दोनच सूर.
कुठेच बसेना.
व्हॅन मागच्या दाराशी आणून लावली.