सगळ्यांत स्थिर बसलेला माणूस

प्रिय ढमे,

रागावू नकोस, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद. शाळेत बाकाखालून चिठ्ठ्या फिरवायचो, त्यानंतर मी तुला हातानं काही लिहिलेलं नाही. अक्षर वाकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. सकाळपासून चार कागद फाडून झाले, हा पाचवा. तू म्हणशील, लोकांना शांत बसायला शिकवणारी बाई आणि हिलाच एका जागी बसवत नाही! म्हण खुशाल. तुला तो हक्क आहे, हे काम मला तूच मिळवून दिलंस.

दीड वर्ष झालं ना त्याला? योगवर्ग बंद पडून मी घरी बसले होते आणि तू आलीस. आमच्या कंपनीतली अठरा माणसं अठरा घरांत बसून काम करतात, म्हणालीस, कुणाला झोप नाही, कुणाची पाठ धरलीय, महिनोन्महिने एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एचआरवाली म्हणून सगळे माझ्याच डोक्यावर बसतात. तू मंगळवारी-गुरुवारी सकाळी वीस मिनिटं त्यांच्याकडून ध्यान करवून घे. मी तुला हसले होते. पडद्यावर कसलं डोंबलाचं ध्यान! पण जमलं की गं. यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणारी ती माणसं दिवसभर ‘झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा’ असलं काहीबाही लिहायची आणि साडेनऊला माझ्यासमोर चौकोनाचौकोनांत येऊन बसायची. एकाच्या मागे घडी न घातलेले कपडे, एकीच्या मांडीवर मांजर. नियम मीच घातले होते. कॅमेरा चालू, माइक बंद आणि रेकॉर्डिंग अजिबात नाही, म्हणजे डोळे मिटल्यावर आपला चेहरा कुठे साठवला जातोय ही धास्ती कुणाला नको. वीस मिनिटं सगळ्यांचे डोळे मिटलेले, उघडे फक्त माझे. आणि महिन्यातून एकदा तुझे, कारण तुला अहवालात टाकायला फोटो लागायचा.

आकृतीवाले काका तुला माझ्याहून जास्त माहीत. पुस्तिकांमधल्या यंत्रांच्या आकृत्या काढणारे, सगळ्यांत वडील, एकटे राहणारे. पण ध्यानाला बसलेले काका तू फारसे बघितले नाहीस, ते मी बघितलेत. त्या माणसाच्या अंगात जणू मुंग्या होत्या! मान खाजव, चष्मा पूस, खुर्ची कुरकुरव, आणि मधेच एक डोळा किलकिला करून मी बघतेय का ते बघ. मी बोट दाखवलं की शाळकरी पोरासारखे गप्पकन डोळा मिटायचे. सत्र संपलं की माइक चालू करून म्हणायचे, “बाई, आज साडेतीन मिनिटं जमलं बरं का!” मला त्यांचा फार लळा लागला होता. वर्गात एक तरी वांड मूल लागतंच, तसे ते.

त्या मंगळवारी ते हललेच नाहीत. तीन आठवडे झाले, पण मला तो चौकोन अजून जसाच्या तसा दिसतो. सातव्या मिनिटाला त्यांचा उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबला. मी तो घसरताना पाहिला, ढमे. मला वाटलं, आहा, शरीर सैल सुटलं. मान थोडी कलली, तर वाटलं, आज खरे आत उतरले. एक डोळा अर्धवट उघडा होता, तर वाटलं, घ्या, खोड काही जात नाही. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं, कारण स्थिर माणूस दिसला की आनंद मानायचा, हाच माझा धंदा. त्याच वेळी तुझा निरोप आला, फक्त मला दिसेल असा. ‘काडे, काका बघ! फोटो काढलाय, या महिन्याच्या अहवालात पहिल्या पानावर टाकते.’ खाली फोटोही. मी तुला हसरं तोंड पाठवलं. मग काय अवदसा आठवली कोण जाणे, मी मोठ्यानं म्हणाले, “आज आपले काका बघायला हवेत तुम्ही. इतकं स्थिर कुणीच बसलेलं नाही. असं व्हायचंय आपल्याला.” मिटल्या डोळ्यांची सगळी मंडळी गालात हसली. शेवटी नेहमीचं वाक्य, ज्यांना अजून बसावंसं वाटतंय त्यांनी बसा, घाई नाही. एकेक चौकोन गेला, तूही गेलीस. उरले ते एकटे. दहाला माझी दुसऱ्या कंपनीची मंडळी येणार होती. मी हळूच म्हणाले, “बसा काका निवांत,” आणि बटण दाबून बैठक बंद केली.

पुढचं तुला पाठ आहे. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना वर काहीतरी पडल्याचा आवाज आला, त्यांनी दार उघडवलं. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी सगळ्यांना एकच विचारलं, हे सुरू कधी झालं? पहिले काही तास हाताशी असले तर करता येण्यासारखं बरंच असतं. सांगायला कुणी नव्हतं. म्हणजे दोघी होत्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातली एक दुसरीला फोनवर सांगत होती, तो फोटो काढून टाक, मीही टाकलाय काढून. तुझा आवाज इतका घाबरलेला मी कधी ऐकला नव्हता, परीक्षेत नापास झालीस तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी कॅमेरे बंद होते, सत्र नेहमीप्रमाणे पार पडलं, असा कागद तू केलास आणि मी त्यावर सही केली. तू मला भाग पाडलंस असं म्हणत नाही. मलाही सही करायची होती. सही करून मी घरी आले आणि भाजी चिरत बसले. मी सुटले, असं खरंच वाटलं मला.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. काकांची धाकटी बहीण लहान मुलांना शिकवते. तिनं गेल्या आठवड्यात मला शोधून काढलं. मला वाटलं, कळलं सगळं, आता धडगत नाही. पण ती आभार मानत होती! दादा तुमच्याबद्दल फार बोलायचा, म्हणाली, आजारी पडायच्या दिवशी सकाळी तुमची ती वीस मिनिटं तरी त्याला मिळाली, तेवढंच समाधान. मग रडायला लागली. त्या दिवशी दुपारी तीनला तिला दादाचा फोन आला होता. ती वर्गात होती, तिनं कापला. म्हणजे झटका तीनच्या सुमाराला आला, असा तिनं हिशेब केलाय. मी उचलला असता तर, मी उचलला असता तर, असं ती मला पुन्हापुन्हा म्हणत होती. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? “ताई, श्वासाकडे लक्ष द्या.” माझी जीभ झडून का गेली नाही!

तिनं एक मागितलं. दादाला तुमचा आवाज ओळखीचा आहे, त्याच्यासाठी पाच-दहा मिनिटं ध्यान घ्याल का, मी खाटेजवळ फोन धरते. नाही कसं म्हणणार? सोमवारी दहा वाजता मी बसले. पडद्यावर रुग्णालयाची पांढरी उशी आणि त्यांचा चेहरा. मी एवढंच म्हणाले, “काका, अंग सैल सोडा, स्थिर व्हा.” त्यांनी डोळे उघडले, थेट माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हातानं खाटेच्या कठड्यावर मारायला लागले. जोरजोरात, ढमे. तोंडातून आवाज येत होता, शब्द नव्हता. बहीण आनंदानं ओरडली, बघा, ओळखलं त्यानं! परिचारिकाही म्हणाली, छान, प्रतिसाद देतायत, रोज करा. मी नेट गेल्याचं नाटक करून पडदा बंद केला.

त्यांना ऐकू येत होतं. त्या मंगळवारी मी त्यांचं कौतुक करत होते तेव्हा ते आत जागे होते, हात हलत नव्हता, माइक बंद होता, आणि मी सगळ्यांना सांगत होते, असं व्हायचंय आपल्याला. निवांत बसा म्हणालेलंही त्यांनी ऐकलं असणार. तेव्हापासून मला डोळे मिटवत नाहीत. कालच्या सत्रात मी दर दोन मिनिटांनी सगळ्यांना बोटं हलवून दाखवायला लावलं. ते वैतागले, मांजरवालीनं विचारलंही, हा नवीन प्रकार आहे का म्हणून. मी हो म्हणाले. सत्र संपवून बाहेरच्या खोलीत आले तर नवरा आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडला होता. त्याला गदागदा हलवून उठवलं, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

उद्या गुरुवारी दहा वाजता बहिणीनं मला पुन्हा बोलावलंय. मी ध्यान घेणार नाही. आधी काकांना सांगणार आहे, की तुम्ही ध्यानात नव्हता, हे मला माहीत आहे, मी बघत होते आणि मला कळलं नाही. मग ताईंना सांगणार, की ते तीन वाजता नाही झालं, सकाळी साडेनऊनंतर सातव्या मिनिटाला झालं, तीनला त्यांनी डाव्या हातानं कसाबसा फोन लावला असणार, तोवर ते पहिले तास निघून गेले होते, त्या फोनचा दोष तुमच्याकडे नाही. फोटो मी काढून टाकला नव्हता, त्यावर वेळ आहे, तो मी त्यांना देणार आहे. सोबत तुझा निरोपही दिसेल. मी तुझी परवानगी मागत नाहीये, आणि मला थांबवायला येऊ नकोस. माझं काम जाईल, तुझी नोकरीही कदाचित जाईल. हे तुला माझ्याकडून आधी कळावं, दुसऱ्या कुणाकडून नको, एवढ्यासाठी हे पत्र आज दुपारी मी स्वतः तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकून जाणार आहे. बेल वाजवणार नाही. वाजवली तर तू मला कुशीत घेशील आणि मी पुन्हा सही करीन. कागदाच्या मागच्या बाजूला उद्याच्या बैठकीची लिंक लिहिली आहे. तू आलीस तर आपण दोघी सांगू. नाही आलीस तर मी एकटीच सांगेन, पण मला फार भीती वाटते गं.

काहीही झालं तरी तुझीच,
काडी