पुसलेला निंब

नयन, तुले बेबीताईचा आशीर्वाद.

तुह्या खाण कंपनीले पर्यावरणाचं बक्षीस भेटलं, त्याचा फोटो मोबाइलवर पाह्यला. सायबाच्या मागं माह्या वावराच्या रस्त्याकडच्या धुऱ्यावरचा निंब हाय, हिरवागार. मले किळस आली.

तो हिरवा कसा झाला, तुले ठाऊक हाय. बक्षिसाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी तूच फोन केलता, "ताई, बाया जमव अन् रस्त्यावरच्या झाडाइवरची कोळशाची धूळ ओल्या फडक्यानं पुसून घे." शिडी कंपनीची होती, पाणी आमच्या प्यायच्या टँकरचं. तो निंब मी एकटीनं पुसला, पान न् पान, तुही नोकरी टिकावी म्हणून. माही किळस मले त्याहून जास्त येते.

तिसऱ्या दिवशी निंब पुन्हा काळा झाला. वावरातला कापूस तं काळाच हाय, तो पुसाले कोणी सांगितलं नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. आई तुह्याजवळ कंपनीच्या क्वार्टरात राह्यते; तुही नोकरी गेली तं तिचंबी छप्पर जाईन.

पण भाऊबीजेले तू दरवर्षी पांढरा सदरा घालून येतं. यंदा तुले घरात नाही, आंगणातल्या बाजेवर तासभर बसवीन, अन् मंग ओवाळीन. सदरा पुसाले फडकं मात्र मागू नको.

तुही ताई,
बेबी