खोडलेली नावं

मूल, जि. चंद्रपूर
१४ सप्टेंबर

मिथुनदादा,

नमस्कार. बाबा बरे आहेत. यंदा तलाव भरलाय, मासळीही बरी आहे. आईचा गुडघा तसाच. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

लालसूला वकिलाची नोटीस पाठवलीस. काऊन? ‘आमच्या कंपनीची बदनामी करतो’ म्हणे! भामरागडच्या ज्या संस्थेत तो मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, तिनं घाबरून त्याला घरी बसवलं. दादा, तुझी बहीण म्हणून सांगायची मला लाज वाटते.

पावसाळ्यात रस्ता बंद, नेटवर्क बंद, तरी पेशंटची नोंद राहावी आणि नेटवर्क आलं की आपोआप पुढे जावी, असा प्रोग्राम लालसूनं तीन वर्षं खपून लिहिला. आरोग्यसेविका बुधरीताईनं त्यातले माडिया बोलीतले शब्द दिले. मग त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. वापरा, बदला, विका सुद्धा; पण ज्याला द्याल त्याला तुमचा कोडही याच अटींवर द्या, आणि आमची नावं काढू नका. एवढंच मागितलं होतं त्यांनी. तू तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घातलास, कुलूप लावलंस आणि दवाखान्यांना ‘आमचाच’ म्हणून विकलास. मी विचारलं तर म्हणालास, “वस्तू फुकटात पडली होती, उचलली. त्यात चोरी कोनती?”

पडलेली नव्हती. अटी लिहून ठेवलेली होती.

लालसू त्याच्या आईला घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात गेला, तेव्हा तिथल्या पडद्यावर त्याला दिसलं, ‘नेटवर्क नाई, नोंद जपून ठेवली.’ त्यानं मला फोन केला. “डिंपल, हे ‘नाई’ त मीच लिवलं होतं. तुमच्या कंपनीत कसं आलं?”

मी म्हटलं, “आपल्या इकडं सारेच नाई म्हनतेत.” मग त्यानं त्या दवाखान्यालाच लिहून कळवलं, आणि तू नोटीस काढलीस.

आता जे इतका वेळ टाळते आहे तेही लिहिते. नावांची आणि अटींची फाईल तू काढली नाहीस, मी काढली. तू फक्त “ते साफ करून टाक” म्हणालास. काय साफ करायचं ते मला पक्कं कळलं होतं. पॉलिटेक्निकला असताना मला पहिला प्रोग्राम लिहायला शिकवला तोही लालसूनंच. तुझ्यावरचा राग अर्धा माझ्यावरचाच आहे, पण म्हणून तुझा वाटा कमी होत नाही.

पूर ओसरला तशी मंगळवारी भामरागडला गेले. लालसूला सगळं सांगितलं.

“नाव काढताना हात थांबला नाई काय तुया?”

“नाई,” मी म्हटलं.

तो उठून आत गेला. बुधरीताई समोरच बसली होती. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच केलं.

काय काढलं, कधी काढलं, कोणाच्या सांगण्यावरून, हे सही करून संस्थेला दिलं. त्यांनी लालसूला परत कामावर घेतलं. माझ्याशी तो बोलत नाही. तोच कागद मी आपल्या सगळ्या गिऱ्हाईक दवाखान्यांनाही पाठवलाय. त्यातल्या दोन दवाखान्यांनी लगेच कोड मागितला. तो दे, आणि नावं परत लाव. माझा राजीनामा सोबत आहे.

आईनं विचारलं, “भावाच्या इरोधात लिवून देल्लं काय?” मी हो म्हणाले. ती रडली. या पत्राचं तिकीट मात्र बाबांनीच आणून दिलं.

लालसूची माफी माग. वकिलाकडून नाही, स्वतः भामरागडला जाऊन, बुधरीताईसमोर. तोवर तुझा आशीर्वाद मागत नाही.

तुझी बहीण, आणि यापुढे फक्त बहीण,
डिंपल